अकरापैकी किती मार्क?

चला, एक छोटीशी क्विझ. शनिवारची रात्र, हॉस्पिटलची कॅज्युअल्टी. बेड नंबर एकवर २६ वर्षांचा सॉफ्टवेअरवाला. ऑफिसची पार्टी, जरा जास्तच झाली, मग उलट्यांवर उलट्या आणि शेवटच्या दोन उलट्यांत लालभडक रक्त. शर्ट माखलेला, सोबतचे चार मित्र पांढरेफटक. बेड नंबर दोनवर ७४ वर्षांचे आजोबा. पाच वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेलाय, तेव्हापासून अ‍ॅस्पिरिन चालू. त्यात गुडघे दुखतात म्हणून केमिस्टकडून आणलेली पेनकिलर गेले पंधरा दिवस. कालपासून शौचाला काळं होतंय, उठलं की गरगरतं. रक्ताचा थेंबही कुठे दिसत नाही. उलट तेच मुलाला सांगताहेत, ‘अरे, अ‍ॅसिडिटी आहे, उगाच आणलंस.’

बोला, जिवाला धोका कोणाला जास्त?

मी डॉक्टर आहे हे कळलं की पार्टीत लोक मला त्यांच्या अ‍ॅसिडिटीबद्दल विचारतात, आणि मी त्यांना हा प्रश्न विचारतो. बहुतेक सगळे बेड नंबर एककडे बोट दाखवतात. साहजिक आहे. रक्त दिसलं की आपल्याला भीती वाटते. पण उत्तर आहे बेड नंबर दोन. आणि फरक उन्नीस-बीसचा नाही.

हे मी पोटातून बोलत नाही, चक्क मार्क देऊन सांगतोय. अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याची सुरुवात, या भागातून अचानक रक्तस्राव झाला तर पेशंट दगावण्याची शक्यता किती, हे मोजायला डॉक्टरांकडे एक मार्कशीट असते. १९९३ साली इंग्लंडमधल्या हॉस्पिटलांत अशा चार हजारांहून जास्त पेशंट्सची नोंद ठेवली गेली. त्यातले शंभरात १४ दगावले. कोण दगावलं आणि कोण वाचलं, याचा हिशेब मांडून रॉकॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये जो स्कोअर बनवला, तो ‘रॉकॉल स्कोअर’. एकूण मार्क ११. आणि इथे जितके कमी पडतील तितकं चांगलं. आयुष्यात एकदा तरी नापास होण्यात मजा आहे म्हणा ना!

पेपरात प्रश्न पाचच. वय किती? नाडी आणि बीपी काय म्हणतंय? हार्ट, किडनी, लिव्हर, कॅन्सर असं आधीचं काही दुखणं? एंडोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीतून पाहिल्यावर, निदान काय निघालं? आणि ताज्या रक्तस्रावाच्या खुणा आहेत का?

आता आपल्या दोघांचा पेपर तपासू. सॉफ्टवेअरवाला: वय साठच्या आत, शून्य. नाडी ११० पण बीपी ठीक, म्हणून एक. दुसरा आजार नाही, शून्य. दुर्बिणीत दिसलं काय, तर जोराच्या उलट्यांनी अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला पडलेली चीर, आणि रक्त आता थांबलेलं. दोन्हीला शून्य. एकूण एक मार्क. आजोबा: वयाचा एक, नाडी १०४ म्हणून एक, हार्टचे दोन, अल्सर निघाला त्याचा एक, अल्सरवर रक्ताची गुठळी चिकटलेली त्याचे दोन. बेरीज सात.

मूळ अभ्यासात एक मार्कवाल्यांपैकी कोणीही दगावलं नव्हतं. सात मार्कवाल्यांपैकी २७ टक्के दगावले होते. चारातला एक! अर्थात तेव्हापासून उपचार सुधारलेत. ब्रिटनमध्ये २००७ साली पुन्हा असंच ऑडिट झालं, तेव्हा एकूण मृत्यूचं प्रमाण १४ वरून १० टक्क्यांवर आलं होतं. पण दोन बेडमधली दरी काही बुजलेली नाही.

गंमत बघा, ‘किती रक्त दिसलं’ हा प्रश्न या पेपरात नाहीच. का नाही, त्याचं उत्तर हाँगकाँगमधल्या एका मोठ्या अभ्यासात सापडतं. अल्सरमधून रक्तस्राव झालेले दहा हजारांवर पेशंट तिथे तपासले गेले. २०१० मध्ये जे छापून आलं त्यानुसार, दगावलेल्यांपैकी जवळजवळ ८० टक्के लोक थेट रक्तस्रावाने गेलेच नव्हते. हार्ट, फुप्फुसं, एकामागोमाग एक बंद पडणारे अवयव, आधीचा कॅन्सर, ही कारणं होती. म्हणजे पोटातलं रक्त ही ठिणगी, दारूगोळा आधीपासून घरात साठलेला. तरुण हार्ट कमी रक्तातही जोरात पळून वेळ मारून नेतं. आधीच अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांचं हार्ट कुठून पळणार?

पण एक अडचण आहे. रॉकॉलचे पूर्ण मार्क द्यायचे तर दुर्बीण घालावी लागते. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीतल्या ज्युनिअर डॉक्टरने काय करायचं? यावर ग्लासगोच्या ब्लॅचफर्ड आणि मंडळींनी २००० साली तोडगा काढला. नाडी, बीपी, हिमोग्लोबिन, रक्तातला युरिया, काळी शौच, चक्कर येऊन पडणं, लिव्हर आणि हार्टचा आजार, यांवरून २३ पैकी मार्क. युरिया कशाला? तर पोटात सांडलेलं रक्त आपलं शरीर चक्क जेवणासारखं पचवतं आणि त्यातल्या प्रोटीनमुळे युरिया वाढतो. आहे ना भारी? हा स्कोअर मुख्यतः सांगतो की पेशंटला रक्त चढवणं किंवा दुर्बिणीतून उपचार लागतील का. शून्य किंवा एक आला तर अ‍ॅडमिट न करता घरी पाठवून नंतर ओपीडीत बोलावता येतं, असं २०१९ च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइन्स सांगतात. २०११ मध्ये अमेरिकेतून ‘एम्स-६५’ नावाचा आणखी एक आला (दिल्लीच्या एम्सशी संबंध नाही, काळजी नसावी). त्यात वय ६५ च्या पुढे, रक्तातलं अल्ब्युमिन कमी, रक्त गोठायला वेळ, शुद्धीत गडबड आणि बीपी ९० किंवा त्याहून कमी, असे पाच मुद्दे. हा मात्र मृत्यूचाच अंदाज देतो.

आता सगळ्यात अवघड प्रश्न. आजोबांचा मुलगा, म्हणजे तुमच्याच वयाचा, लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून कॉरिडॉरमध्ये मला गाठतो. ‘डॉक्टर, किती टक्के चान्स?’ मी त्याला आकडा सांगतो, पण लगेच पुढचं वाक्यही सांगतो. हा आकडा गर्दीचा आहे, तुमच्या बाबांचा नाही. अशा शंभर जणांपैकी किती, एवढंच तो सांगतो. त्या शंभरात तुमचे बाबा कुठे उभे आहेत, हे कुठल्याच मार्कशीटवर छापलेलं नसतं. मग स्कोअरचा उपयोग काय? उपयोग हा, की ‘मला काही झालं नाही’ म्हणणाऱ्या आजोबांना वॉर्डच्या कोपऱ्यात नाही, मॉनिटर लावलेल्या बेडवर ठेवलं जातं. कोणाकडे आधी पळायचं, हे आरडाओरडा कोणाचा जास्त आहे यावर ठरत नाही.

आरडाओरड्यावरून आठवलं. ‘आत्ताच्या आत्ता दुर्बीण घाला’ असा हट्ट धरणारे नातेवाईक मला दर महिन्याला भेटतात. त्यांच्यासाठी बातमी आहे. जास्त धोक्याच्या, पण सलाईन-रक्त देऊन स्थिर झालेल्या पेशंट्सवर हाँगकाँगमध्येच एक चाचणी झाली, २०२० मध्ये छापून आली. तज्ज्ञांना बोलावल्यापासून सहा तासांच्या आत दुर्बीण घातली काय आणि सहा ते चोवीस तासांत घातली काय, मृत्यूच्या प्रमाणात फायदा काही दिसला नाही. आधी पेशंटला सावरायचं, मग दुर्बीण. डॉक्टर टाइमपास करत नसतो.

तुमचं काम दुसरं आहे, आणि ते कॅज्युअल्टीत पोचायच्या आधीचं. शौच डांबरासारखी काळी, चिकट आणि उग्र वासाची असेल, किंवा उलटीत कॉफी पावडरसारखं काही दिसलं, तर ती अ‍ॅसिडिटी नाही. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण अशी चिकट होत नाही. शंका असेल तर डॉक्टरला ठरवू द्या. पोटात दुखत नाही यावरही जाऊ नका. पेनकिलरमुळे झालेला अल्सर म्हाताऱ्या माणसात पुष्कळदा मुकाट असतो. नाडी मोजायला शिका. बसल्याजागी शंभरच्या वर असेल आणि उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर सकाळची वाट बघू नका. आणि एक मेख: बीपी-हार्टसाठी बीटा ब्लॉकर जातीची गोळी चालू असेल, तर रक्त जात असतानाही नाडी वाढत नाही. नाडी ८०, म्हणून सगळे निवांत! म्हणूनच गोळ्यांची यादी डॉक्टरच्या हातात पडणं फार मोलाचं.

तुम्ही पुण्या-मुंबईत, आई-बाबा सांगली-अकोल्यात, अशी अर्ध्या ऑफिसची गोष्ट आहे. रविवारी फोन कराल तेव्हा ‘जेवलात का’च्या पुढे एक प्रश्न वाढवा. कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत? केमिस्टकडून स्वतःहून आणलेल्याही सांगा म्हणावं. अ‍ॅस्पिरिन आणि पेनकिलर एकत्र दिसल्या, तर त्यांच्या डॉक्टरांना त्याच आठवड्यात विचारा. हार्टची अ‍ॅस्पिरिन मात्र परस्पर बंद करू नका, ते त्यांनाच ठरवू दे. यादी मोबाइलमध्ये सेव्ह करा, शेजारच्या काकूंनाही पाठवून ठेवा. कारण त्या रात्री बाबांना गाडीत घालून नेणार आहेत त्या काकू, तुम्ही नाही.