एक नंबरी घोळ

मंडळी, ऑफिसात कुणी ‘पी-वन’ म्हटलं की काय होतं? हातातला चहा टाकून सगळे पळतात. पी-वन म्हणजे सगळ्यात अर्जंट! माझ्या टेस्टर मैत्रिणीचंही हेच गणित पक्कं होतं.

कंपनीच्या वेबसाइटवर आलेली तक्रार फ्रेशडेस्कमध्ये तिकीट म्हणून पडते का, एवढंच तिला तपासायचं होतं. पोस्टमन उघडलं, एपीआय की टाकली, तक्रार लिहिली, प्रायॉरिटी १ आणि सेंड! समोर हिरवागार २०१. तिकीट तयार, टेस्ट पास, चला घरी.

घोळ इथेच होता. फ्रेशडेस्कच्या एपीआयमध्ये १ म्हणजे लो आणि अर्जंट म्हणजे ४. म्हणजे ज्याचे पैसे कापले गेले पण ऑर्डर लागली नाही, तो बिचारा रांगेत सगळ्यात शेवटी! यात सर्व्हरची काय चूक? त्याला १ चालतो. तुमच्या मनातलं त्याला कसं कळणार?

नशीब, निघता निघता तिने तेच तिकीट हेल्प डेस्कच्या स्क्रीनवर उघडलं. ‘लो’ वाचून तिला एसीत घाम फुटला.

आता तिचा फंडा साधा आहे. २०१ ही नुसती पोचपावती. तिकिटाचा नंबर घ्यायचा, गेट रिक्वेस्टने ते परत मागवायचं आणि एकेक रकाना वाचायचा. मुद्दाम प्रायॉरिटी ९ पाठवायची, ४०० यायलाच हवा. चुकीची की टाकायची, ४०१ यायलाच हवा.

हिरवा रंग बघून लगेच बॅग उचलू नका. पलीकडे कुणीतरी पैशांची वाट बघत बसलंय, राव!