प्रात्यक्षिकाचा निकष

मुलांनी विज्ञान स्वतः करून शिकावे, या मताविरुद्धचा सर्वांत बळकट पूर्वपक्ष खर्चाचा किंवा वेळेचा नसून मानसशास्त्राचा आहे. पॉल किर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क यांनी 2006 साली असे प्रतिपादन केले की, नवशिक्या विद्यार्थ्याला पुरेशा मार्गदर्शनाविना नियम शोधायला लावले, तर त्याच्या कार्यकारी स्मृतीवर, म्हणजे एका वेळी थोडीच माहिती धरून तिच्यावर विचार करण्याच्या मनाच्या मर्यादित शक्तीवर, अवाजवी भार पडतो आणि शिकणे राहून जाते. इयान अब्राहम्स व रॉबिन मिलर यांनी इंग्लंडमधील माध्यमिक शाळांतले प्रात्यक्षिकाचे 25 तास पाहून 2008 साली जे निष्कर्ष मांडले, तेही याच बाजूला वजन देतात: मुले सांगितलेली कृती बहुधा नीट पार पाडतात, पण तिच्यामागच्या संकल्पनांचा विचार फारसा घडत नाही. हे आक्षेप झटकून टाकण्यासारखे नाहीत.

मात्र त्यांनी खंडन होते ते कशाचे, हे तपासले पाहिजे. पाण्याचा उत्कलनांक, म्हणजे पाणी ज्या तापमानाला उकळते तो अंक, काढण्याचा साधा प्रयोग घ्यावा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर आहे. उंचीबरोबर हवेचा दाब घटतो आणि दर 300 मीटरला साधारण एक अंश या हिशेबाने तेथे पाणी 98 अंश सेल्सियसच्या आसपास उकळते. महाबळेश्वरला ते 95-96 अंशांवरच उकळू लागते. चंचुपात्रात बुडबुडे उसळत असताना तापमापीतला पारा 98 पाशी स्थिरावलेला विद्यार्थिनी पाहते आणि जर्नलमध्ये मात्र 100 लिहिते, कारण पुस्तकात 100 आहे, गाइडात 100 आहे आणि तपासणाऱ्यालाही 100 च हवे आहे. या तासाला साहित्य होते, कृती होती, हातांना काम होते. स्वतः घेतलेल्या वाचनाला मात्र काडीचीही किंमत नव्हती. मग त्या तासातून विचार घडला नाही, याचा दोष कृतीला कसा देता येईल?

हवेच्या दाबाचा सिद्धान्त त्या मुलीने एकटीने शोधून काढावा, अशी अपेक्षा कोणीही करू नये. किर्शनर प्रभृतींचे म्हणणे इतपत मान्यच केले पाहिजे. पण तापमापी चुकते आहे की आणखी काही कारण आहे, हे शिक्षकाने विचारावे, वितळत्या बर्फात ती शून्य दाखवते का हे पाहायला लावावे, शेजारच्या गटाचे वाचन फळ्यावर मांडावे आणि मग दाबाची गोष्ट सांगावी. तेव्हा ते स्पष्टीकरण पाठ करायचा मजकूर न राहता डोळ्यांपुढच्या अडचणीचे उत्तर होते. मार्गदर्शन आणि कृती यांना परस्परविरोधी मानण्यातच या वादाची मूळ चूक आहे.

हे सारे निवडक शहरी शाळांनाच जमते, हा दुसरा पूर्वपक्ष त्यामानाने दुबळा आहे. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात 1972 साली 16 शाळांतून सुरू झालेला विज्ञान शिक्षण कार्यक्रम 1978 मध्ये जिल्हाभर पसरला आणि सहावी ते आठवीच्या वर्गांत, तोही ग्रामीण सरकारी शाळांतून, तीस वर्षे चालला. राज्य शासनाने 2002 साली तो बंद केला, हे खरे. परंतु शासनाने बंद केला म्हणून तो अशक्य होता असे ठरत नाही, कारण तीस वर्षे चाललेली गोष्ट अशक्य कशी म्हणावी? त्या कार्यक्रमाचे मर्म स्वस्त साहित्याच्या पेटीत शोधले जाते, पण ते त्याच्या परीक्षेत अधिक होते. लेखी परीक्षेला पुस्तक आणि स्वतःची वही उघडी ठेवता येत असे, शिवाय प्रयोगाची वेगळी परीक्षा असे. त्यामुळे वर्षभर प्रामाणिकपणे केलेली नोंद मुलाच्या प्रत्यक्ष उपयोगी पडे.

म्हणूनच शाळेच्या विज्ञान-अध्यापनाचा दर्जा ठरवताना प्रयोगशाळेतील कपाटे आणि वर्षात उरकलेले प्रयोग मोजणे हा निकष अपुराच नव्हे, तर दिशाभूल करणारा आहे. विद्यार्थ्याने स्वतः काय पाहिले, ते कसे नोंदवले आणि अपेक्षेहून वेगळे वाचन आल्यावर पुढे काय केले, हे तीन प्रश्न निकषाच्या केंद्रस्थानी हवेत. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत विज्ञान व तंत्रज्ञान विषयाच्या 100 गुणांपैकी 20 गुण प्रात्यक्षिकासाठी आहेत. हे गुण सुबक अक्षरातील, आकृत्या रेखीव असलेल्या आणि वर्षानुवर्षे एकीवरून दुसरीत उतरत आलेल्या जर्नलला मिळत राहिले, तर शाळांनी साहित्यावर कितीही खर्च केला तरी तो वाया जाईल. पुण्यातल्या जर्नलमधील 98 या आकड्याला, त्याचे कारण शोधण्याचा प्रयत्न सोबत असल्यास, पुस्तकी 100 पेक्षा अधिक गुण मिळाले पाहिजेत आणि ही गोष्ट परीक्षकांना दिल्या जाणाऱ्या सूचनांमध्ये स्पष्ट शब्दांत लिहिली गेली पाहिजे.