डबा स्वस्त, चूक महाग : चार वर्गांचा कचरा आणि आपले व्यवसाय

बेळगाव : १ एप्रिल २०२६ पासून देशात घनकचरा व्यवस्थापनाचे नवे नियम लागू झाले आणि २०१६ चे नियम मागे पडले. ओला आणि सुका एवढ्यावर आता भागणार नाही. ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार वर्ग कचरा तयार होतो तिथेच वेगळे करायचे आहेत. बेळगाव असो, पणजी असो की कोल्हापूर, राज्य बदललं तरी नियम तोच.

रोज १०० किलो किंवा जास्त कचरा, ४० हजार लिटर पाण्याचा वापर किंवा २० हजार चौरस मीटर बांधकाम, यातलं एक जरी लागू झालं तरी ती आस्थापना मोठी कचरा उत्पादक ठरते. त्यांची जबाबदारी मोठी. पण खडेबाजारातल्या कापड दुकानदाराने ‘आपला काय संबंध?’ म्हणून सुटका करून घेऊ नये. वर्गीकरण सगळ्यांनाच आहे.

नियम आला की आपण काय करतो? बाजारात जातो, एकाच मापाचे चार रंगीत डबे आणतो आणि दारात मांडतो. पैसे वाया जातात ते इथेच.

आधी वजनकाटा, मग खरेदी

कॉमर्सच्या माणसाला साधा हिशेब कळतो : माल किती हे माहीत नसताना गोदाम भाड्याने घेत नाहीत. सात दिवस कचरा वेगळा करून तोलावा. आठवडी बाजाराचा दिवस त्यात हवाच. समजा, एका हॉटेलात रोज ४० किलो ओला कचरा निघतो. खरकटं ढोबळमानाने एका लिटरला अर्धा किलो भरतं, म्हणजे ८० लिटर जागा लागली. थोडी मोकळीक धरली तर १०० लिटर. मग १२० लिटरचा एकच डबा घ्यायचा का? तो भरला तर ६० किलोचा होतो आणि उचलणाऱ्याची कंबर जाते. त्यापेक्षा ६० लिटरचे दोन, किंवा मग चाकांचा. कापड दुकानाचं उलट आहे. पुठ्ठा, प्लास्टिक वजनाला हलकं, पण जागा खाणारं. तिथे डब्यापेक्षा पुठ्ठे सपाट करून बांधायला कोपरा आणि एक मोठी पिशवी जास्त उपयोगी.

ओल्याचा डबा घट्ट झाकणाचा, आतून गुळगुळीत आणि रोज धुता येईल असा हवा. कार्यालयात प्रत्येक टेबलाखालची टोपली काढून टाकावी. तिच्यात चहाचा कप, कागद आणि केळ्याची साल एकत्रच जाते. मजल्यावर एका ठिकाणी सगळे डबे शेजारी ठेवले की माणूस टाकताना विचार करतो.

सॅनिटरी डब्याबद्दल आपल्याकडे बोलायला लाजतात. महिला कर्मचारी आहेत तिथल्या स्वच्छतागृहात पायाने उघडणारा, झाकणाचा डबा हवा. गुंडाळायला कागदही ठेवावा. विशेष काळजीच्या डब्यात बल्ब, रंगाचे रिकामे डबे, जुनी औषधं. हा लहान असला तरी चालतो, पण फुटणारी वस्तू नीट राहील असा कडक असावा.

उद्यमबागेचा हिशेब वेगळा

मशीन शॉप आणि फाउंड्रीवाल्यांनी चार डब्यांवर थांबू नये. वापरलेलं तेल आणि तेलाने माखलेला कचरा घातक कचऱ्याच्या २०१६ च्या स्वतंत्र नियमांत येतो. साधारण ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही आणि डब्यावर ठरावीक लेबल लावावं लागतं. तेलकट चिंध्या झाकणाच्या लोखंडी डब्यात ठेवाव्यात. वार्निश किंवा अळशीच्या तेलाच्या चिंध्यांचा ढीग हवेने आपोआप तापून पेटू शकतो. तिथे प्लास्टिकचा डबा म्हणजे आगीला इंधन. दवाखान्यांचे पिवळे, लाल, पांढरे, निळे डबेही वेगळ्या नियमाचे. ते यात मिसळू नयेत.

गाडीत कप्पे किती?

‘आम्ही वेगळा करतो, गाडीत सगळा एकच होतो,’ ही तक्रार गावोगावी ऐकू येते आणि ती खोटी नाही. इंदूरकडे बघा. तिथल्या कचरागाड्यांत सहा कप्पे आहेत. घरात वेगळा केलेला गाडीतही वेगळाच राहतो, म्हणून लोकांनी सवय सोडली नाही. व्यापारी संघटनांनी डब्यांची एकगठ्ठा खरेदी करण्याआधी आपल्या नगरपालिकेला, महापालिकेला लेखी विचारावं : गाडीत कप्पे किती, कुठला कचरा कुठल्या दिवशी? उत्तर मिळालं की डब्याचं माप ठरतं. आठवड्यातून एकदा नेणार असतील तर डबा मोठा लागेल.

लेबलचंही तसंच. आपल्या कामगारांत कोणी मराठी, कोणी कन्नड, कोणी हिंदी बोलणारा. डब्यावर भाषेचा वाद नको. कामगाराला वाचता येतं ते लिहा आणि सोबत चित्र लावा.

शेवटी हे सगळं कुणासाठी? फुटकी काच ओल्या कचऱ्यात गेली, तर दंड होईल तेव्हा होईल. आधी हात कापतो तो पहाटे आपला डबा रिकामा करणाऱ्या सफाई कामगाराचा. दुकानाच्या जमाखर्चात तो खर्च कुठेच दिसत नाही. डबा निवडताना तेवढा तरी धरावा.