तक्रारी नोंदीचा निकाल कधी लागणार?

मा. चंद्रशेखर बावनकुळे,
महसूलमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

'जिवंत सातबारा' मोहिमेत ज्यांच्या घरात वाद नव्हता, त्यांची वारस नोंद लागली. आम्ही उरलेल्यांपैकी. 1 एप्रिल 2025 पासून चावडीवाचन झाले, मयत खातेदारांच्या यादीत आमच्या वडिलांचे नाव आले, आम्ही अर्ज दिला. सातबाऱ्यावर वडील अजून तसेच आहेत, कारण चुलत्यांनी हरकत घेतली. चार ओळींची हरकत, सोबत एकही कागद नाही.

वारसांनी तीन महिन्यांत कळवावे, असे जमीन महसूल संहितेचे कलम 149 सांगते. हरकतीला कलम 150 प्रमाणे 15 दिवस. हरकत आली की नोंद 6-अ च्या तक्रार नोंदवहीत जाते आणि तिचा निकाल शक्यतो एका वर्षात द्यावा, एवढेच कायदा म्हणतो. वर्ष उलटले तर अधिकाऱ्याला जाब कोण विचारतो? साहेब निवडणुकीच्या कामाला जातात, त्यांची बदली होते, नवे साहेब पुन्हा पहिल्यापासून म्हणणे मागतात. हरकतदार सुनावणीला फिरकत नाही, तरी पुढची तारीख त्याच्यासाठीच पडते.

तोवर आईने काय खायचे? 15 एप्रिल 2025 पासून योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. तो मयताचा निघत नाही, आणि आईच्या नावावर गुंठाभरही जमीन दिसत नाही म्हणून तिचाही नाही. पीएम किसानचे वर्षाचे 6,000 गेले, नमो योजनेचे 6,000 गेले. सोसायटी तिच्या नावाचा उतारा असल्याशिवाय पीककर्ज देत नाही. पीक विम्याचे तेच. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत पाथर्डी-शेवगावकडची राने खरवडून गेली, आमचीही कपाशी गेली. पंचनामा झाला, अनुदान मात्र मयत खातेदाराच्या नावावर अडकले. वडिलांमागे ते रान आई एकटी कसते आहे.

नोंद लावल्याने चुलत्यांचा कोणता हक्क बुडतो? फेरफाराने मालकी ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जितेंद्र सिंह विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात 2021 साली पुन्हा सांगितले. हिस्सा असेल तर त्यांना दिवाणी न्यायालय उघडे आहे. खाते वडिलांच्या एकट्याच्या नावावर, वर्ग एकचे वारस आई आणि आम्ही भावंडे. मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि जुना फेरफार एवढे पाहायला एक दुपार पुरते. आम्हाला मात्र तोंडी सांगतात, कोर्टातून वारस दाखला आणा. लेखी द्या म्हटले की गप्प. वर, बहिणींचे हक्कसोड करून घ्या म्हणजे काम सोपे होईल, हाही सल्ला मिळतो. बहिणींनी हक्क का सोडावा?

शेवटी टेबलामागून एकच वाक्य येते: मिटवून घ्या. म्हणजे रस्त्याकडेचा अर्धा एकर चुलत्यांना द्या आणि हरकत मागे घ्यायला लावा. हरकतदाराला हेच हवे असते. त्याला खर्च काही नाही आणि घाईही नाही. विधवेला थकवून तिची जमीन काढून घेण्याची ही रीत आपल्या विभागाच्या दिरंगाईवर जगते, महोदय. याची जबाबदारी आपलीच आहे.

कलम 150 मधली निकालाची मुदत बंधनकारक करा, आणि ती 90 दिवसांची करा. पुराव्याविना आलेली हरकत पहिल्याच सुनावणीत निकाली काढा. त्याआधी अहिल्यानगरच्या 14 तालुक्यांतल्या 6-अ नोंदवह्या मागवा आणि वर्षाहून जुन्या नोंदी किती आहेत, त्या कोणाच्या टेबलावर आहेत, ते चावडीवर लावा.

जिल्ह्यातील एका मयत खातेदाराचा मुलगा