डाग लावण्याआधी

आठवीच्या मुलांनी शाळेच्या प्रदर्शनासाठी आगगाडीचा देखावा केला. वाशी ते गोवंडी, मध्ये ठाण्याची खाडी. कल्पना एका मुलाची. तो पुण्याला कोथरूडमधलं जोशी यांचं लघुरेल्वे संग्रहालय पाहून आला होता. १९९८ पासून सुरू असलेल्या त्या संग्रहालयात छोट्या गाड्या एका अख्ख्या छोट्या शहरातून धावतात. आमच्याकडं एका पालकांच्या माळ्यावर पडलेली एक जुनी गाडी होती. तिच्यासाठी मुलांनी प्लायवर शहर वसवायला घेतलं.

गाडी एचओ मापाची, म्हणजे १:८७. या मापात माणूस जेमतेम २ सेंटिमीटरचा होतो आणि १० फुटांचा मजला साडेतीन सेंटिमीटरचा. २० मजल्यांचा टॉवर ७० सेंटिमीटर झाला असता, म्हणून वाशीचे टॉवर सात मजल्यांवरच थांबवले. आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांत १,६७६ मिलिमीटर अंतर असतं. या हिशोबानं ते १९ मिलिमीटरच्या थोडं वर हवं होतं, पण या मापाचे रूळ साडेसोळाचेच मिळतात. ही तडजोड जगभरातल्या हौशी लोकांनी केलेली आहे, आम्हीही केली.

घरांबाबत मात्र तडजोडीलाही वाव नव्हता. दुकानांत जोडणीचे जे संच मिळतात ते बहुतेक युरोपातल्या गावांचे. जर्मनीतली फालर ही १९४६ साली सुरू झालेली कंपनी त्यासाठी प्रसिद्ध आहे. उतरती कौलं, लाकडी खिडक्या, मध्ये चर्चचा मनोरा. गोवंडीचा संच कुठंच मिळत नाही. तेव्हा सनबोर्ड, पुठ्ठा आणि फेव्हिकॉल घेऊन मुलांनी सगळं हातानं केलं. खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्याचे पत्रे झाले, निळ्या पिशवीची ताडपत्री झाली.

शेवटचं काम जुनेपणा देण्याचं. मॉडेलवाले त्याला वेदरिंग म्हणतात. काळा-तपकिरी रंग पाण्यात पातळ करायचा, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकायचा म्हणजे तो खाचांत नीट उतरतो, आणि फडक्यानं वरून खाली पुसायचं. गंजासाठी मी मुलांना गेरू आणून दिला. गेरूचा रंग लोखंडाच्या ऑक्साइडचा, म्हणजे गंजाचाच सख्खा भाऊ. धुळीसाठी मुलतानी माती. वाट्या भरून मी स्टाफरूममध्ये पेपर तपासायला गेलो.

परत आलो तेव्हा वाशी पांढरीशुभ्र होती आणि गोवंडी काळी. मशिदीचा घुमट, तिच्याभोवतीच्या खोल्या, जिने, सगळ्यांवर एकच काळा हात फिरला होता. मला काहीतरी खटकलं, पण वेळ नव्हता, मी गप्प राहिलो. दुसऱ्या दिवशी परीक्षक आले. गोवंडीजवळ वाकून म्हणाले, "अगदी खरं वाटतं हो!" आम्हाला बक्षीस मिळालं.

बक्षीस घेऊन आल्यावर एक मुलगी माझ्याजवळ आली. तिची नानी गोवंडीत राहते. ती म्हणाली, "सर, नानीच्या घराची भिंत अशी नाहीये. ती दरवर्षी ईदच्या आधी रंग काढते. पोपटी."

काळा हात फिरवणारा मुलगा आमच्यातलाच, मुसलमानच. त्याला विचारलं, तू गोवंडी पाहिली आहेस का? "ट्रेनमधून," तो म्हणाला. आणि सिनेमात. त्याला काय बोलणार? वाट्या मीच भरून दिल्या होत्या.

त्यानंतरच्या रविवारी मी मुलांना भिंती पाहायला नेलं. वाशीपासून सुरुवात केली. सिडकोनं बांधलेल्या जुन्या, जेएन प्रकारच्या इमारतींसमोर उभं राहून मुलांना एकच प्रश्न विचारला: हा डाग इथंच का आहे? हळूहळू उत्तरं यायला लागली. पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून, म्हणून त्या अंगाच्या भिंतीवर काळे ओघळ जास्त. छज्जाच्या कडेवरून पाणी जिथं भिंतीला चिकटतं तिथून पट्टा सुरू होतो. फुटलेल्या पाइपाखाली शेवाळ. एसीच्या नळीखाली एक सरळ रेघ. जिथं गिलावा पडलाय तिथं आतली सळई गंजलेली. गंजलेलं लोखंड फुगतं आणि काँक्रीटलाच तडा देतं, खाडीचा खारा वारा त्याला हातभार लावतो.

मग गोवंडी. अरुंद बोळ, पण उंबरे धुतलेले. भिंती पोपटी, निळ्या, गुलाबी. गंज होता, पण पत्र्याच्या खिळ्यांभोवती. काळं होतं, पण उघड्या गटाराच्या काठानं, हातभर उंचीपर्यंत. वास होता, तो वाऱ्याबरोबर देवनारच्या कचराभूमीवरून येत होता. ही कचराभूमी १९२७ पासूनची आहे. तिथं मुंबईभरचा कचरा येऊन पडत आला, टॉवरमधलाही. म्हणजे आम्ही गोवंडीच्या अंगावर जी घाण फासली होती तिच्यातली बरीचशी गोवंडीची नव्हतीच.

माझं म्हणणं एवढंच आहे. डागाला कारण असतं, आणि ते बहुतेक वेळा भिंतीआड राहणाऱ्या माणसाच्या स्वभावात नसतं. ते पाण्यात, पाइपात, गटारात आणि वेळेवर न झालेल्या दुरुस्तीत असतं. कारण न बघता लावलेल्या डागाला आपल्याकडं दुसरा शब्द आहे, तोहमत. ती दोन सेंटिमीटरच्या माणसावर लावली तरी तोहमतच.

माझ्या एका सहकाऱ्याचं मत वेगळं पडलं. ते म्हणाले, "एवढं कशाला? आपली वस्ती स्वच्छ दाखवा, विषय संपला. जग आधीच आपल्याला घाणेरडं म्हणतंय." त्यांचं दुखणं मला कळतं, उपाय पटत नाही. उघडं गटार पुसून टाकलं तर ते झाकायची जबाबदारी ज्यांची, तेही सुटतात. आणि खोटी स्वच्छता मुलांना लगेच कळते, ती रोज तो बोळ ओलांडतात. गटार दाखवू, पण जिथं आहे तिथं. पोपटी भिंतही दाखवू. आणि वाशीच्या टॉवरवर एसीची रेघही ओढू.

हे काम किती गंभीरपणे करता येतं याचं एक उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. रॉय इंग्लंड नावाच्या माणसानं १९३० च्या दशकात तिथली बदलत चाललेली खेडी पाहिली आणि खऱ्या घरांची मोजमापं नि नोंदी घेऊन त्यांच्या प्रतिकृती करायला घेतल्या. त्यातून पुढं १९५४ साली पेंडन संग्रहालय उभं राहिलं. आधी पाहणं, मोजणं, मग रंग. आपल्याकडंही जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहताहेत. मुलांनी आज केलेला पुठ्ठ्याचा जिना उद्या त्या इमारतीची एक नोंद ठरू शकतो.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळं शब्दांत अडकतो. मराठीत 'डाग'च्या शेजारीच 'डागडुजी' राहते. तिच्यातल्या 'दुजी'त मला जरदोजीतली 'दोजी', म्हणजे शिवणं, ऐकू येतं. डाग दिसला की सुई-दोरा शोधायचा, असा काहीसा अर्थ मी माझ्यापुरता लावून घेतलाय.

प्रदर्शनं भरवणाऱ्या शिक्षकांना आणि परीक्षकांना माझी विनंती आहे. मुलांच्या प्रतिकृतीला "खरं वाटतं" म्हणण्याआधी एक प्रश्न विचारा: हे तू कुठं पाहिलंस? गुण त्या उत्तराला द्या.

आमचा देखावा सध्या वर्गाच्या कोपऱ्यात आहे. वाशीवर ओघळ चढलेत, गोवंडी मुलांनी धुऊन काढली. पुठ्ठा जरा वाकला. नानीच्या घराची भिंत अजून कोरी आहे, कारण पोपटी नेमका कोणता, हे ती मुलगी नानीला फोन करून विचारणार आहे.