गढूळ बिअर आणि आपली फेणी

मध्य प्रदेश शासनाने १ एप्रिल २०२५ पासून उज्जैनसह काही तीर्थक्षेत्रांत मद्यविक्री बंद केली. नानाखेड्याच्या बसस्थानकापासून क्षिप्रेच्या घाटापर्यंत आता मद्याचे दुकान नाही. गोव्याने तो मार्ग स्वीकारलेला नाही. येथे मद्य उघडपणे विकले जाते आणि अबकारी कर सरकारी तिजोरीत पडतो. कर घेणाऱ्या सरकारने मालाची पारख करावयाची की नाही, एवढाच आमचा प्रश्न आहे. मद्यपानाचा पुरस्कार आम्हांस करावयाचा नाही.

पारख म्हणजे काय, हे सध्याच्या 'हेझी' म्हणजे गढूळ बिअरवरून कळते. साध्या लागर बिअरमध्ये गढूळपणा हा दोष ठरतो. या प्रकारात ओट व गहू यांतील प्रथिने आणि हॉप्सच्या फुलांतील द्रव्ये मिळून तो मुद्दाम आणला जातो. मात्र तळाशी न बसलेल्या यीस्टमुळे घशाला खरखर लागली, किंवा हवा लागून ओल्या पुठ्ठ्याचा वास आला, तर परीक्षक गुण कापतोच. 'बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्राम' या अमेरिकी संस्थेच्या ५० गुणांच्या पत्रिकेत चवीला २०, गंधाला १२, एकूण परिणामाला १०, तोंडातील स्पर्शाला ५ आणि रूपाला अवघे ३ गुण आहेत. डोळ्यांनी निवाडा करू नये, हाच त्याचा अर्थ!

आता आपल्या फेणीकडे पाहा. बोंडे तुडवून काढलेला रस आंबवावा, पहिल्या उकळीचा हुर्राक घ्यावा आणि पुन्हा भट्टी लावून फेणी काढावी, ही विद्या पिढ्यान्‌पिढ्यांची. काजूफेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही कायद्याच्या लेखी ती 'देशी दारू'च राहिली. वारसा-पेय म्हणून मान्यता मिळावयास २०१६ साल उजाडावे लागले. तोवर तिचा निवाडा परक्या मापानेच होत होता.

केवळ किताबाने भेसळ थांबत नाही. बाटली हलवून फेस पाहणारे, गंधावरून भट्टी ओळखणारे जाणते वृद्ध अजून आपल्यात आहेत. त्यांच्या जिभेचे ज्ञान लिहून घ्यावे, त्यावरून फेणीची गुणपत्रिका ठरवावी आणि परीक्षक तयार करावेत. परदेशातील गढूळ पेल्याला जो न्याय मिळतो, तो आपल्या भट्टीवाल्याच्या घामालाही मिळावयास हवा.