सहा महिन्यांचा कारभारी

प्राचीन रोमच्या प्रजासत्ताकात संकटकाळासाठी एक पद होते. शत्रू वेशीपर्यंत आला किंवा राज्यात दुफळी माजली, तर कॉन्सलने सिनेटच्या सल्ल्याने एका व्यक्तीला सर्वाधिकारी नेमावे. मात्र त्याने सहा महिन्यांपेक्षा अधिक काळ त्या पदावर राहू नये, असा दंडक होता. काम संपताच अधिकार खाली ठेवण्यातच त्या पदाची प्रतिष्ठा होती. इ.स.पू. ८२ मध्ये सुल्लाने हेच पद मुदतीविना घेतले. पुढे त्याने ते स्वतःहून सोडले हे खरे. पण कुंपण एकदा मोडले ते मोडलेच. इ.स.पू. ४४ मध्ये ज्यूलियस सीझर तहहयात सर्वाधिकारी झाला. त्याचा खून करणाऱ्यांना प्रजासत्ताक परत आणता आले नाही. एका माणसाला मारून, मोडलेली मर्यादा पुन्हा उभी राहत नसते.

त्यानंतरचा इतिहास अधिक बोधप्रद आहे. इ.स.पू. २७ मध्ये ऑगस्टसने आपण प्रजासत्ताकाची पुनःस्थापना करीत असल्याची घोषणा केली. सिनेट भरत राहिली, कॉन्सल निवडले जात राहिले, लोकसभांची अधिवेशनेही होत राहिली. सैन्य, तिजोरी आणि महत्त्वाच्या प्रांतांचा कारभार तेवढा एका हाती गेला. इ.स. १४ मध्ये टायबेरियसच्या काळात अधिकाऱ्यांची निवड लोकसभेकडून काढून सिनेटकडे देण्यात आली, तेव्हा त्याविरुद्ध मोठा उठाव झाल्याचे इतिहास सांगत नाही. जो हक्क आधीच पोकळ झाला होता तो काढून घेतला, तर रस्त्यावर कोण उतरणार?

ही पोकळी का निर्माण झाली, हा खरा प्रश्न आहे. ज्या शेतकऱ्यांनी रोमची युद्धे जिंकली, त्यांच्याच जमिनी युद्धांच्या काळात धनिकांच्या घशात गेल्या आणि त्यांवर गुलामांकडून शेती होऊ लागली. इ.स.पू. १३३ मध्ये टायबेरियस ग्राकस या लोकप्रतिनिधीने सार्वजनिक जमिनीच्या धारणेवर मर्यादा घालून उरलेली जमीन भूमिहीनांना वाटण्याचा कायदा संमत करून घेतला. सिनेटच्या सभासदांनी त्याला त्याच्या अनुयायांसह ठार मारले. बारा वर्षांनी त्याच्या भावाचा, गायसचाही तसाच अंत झाला. जमिनीचा प्रश्न कायद्याने सुटू दिला नाही, म्हणून भूमिहीन माणूस सैन्यात गेला आणि जो सेनापती जमीन देण्याचे वचन देईल त्याचा झाला. प्रजासत्ताक बुडाले ते केवळ सीझरच्या महत्त्वाकांक्षेने नव्हे. ते शेताच्या बांधापर्यंत कधी पोचलेच नाही, म्हणून बुडाले.

नाव एकाचे आणि सत्ता दुसऱ्याची, हा प्रकार वऱ्हाडाला पुस्तकात वाचून शिकावा लागलेला नाही. १८५३ च्या तहाने निजामाने हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. राजा निजाम, कारभार कंपनीचा! १९०२ मध्ये कर्झनने वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात हा मुलूख कायमच्या पट्ट्याने घेतला आणि पुढील वर्षी तो मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला. १९३६ च्या कराराने निजामाचे सार्वभौमत्व पुन्हा मान्य झाले आणि त्याच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. ज्या कापूसवाल्या कुणब्याच्या घामातून हे २५ लाख निघत होते, त्याला मात्र या देवघेवीत कोणीही काही विचारले नाही.

याहून बोलका दाखला प्रांतिक कौन्सिलाचा आहे. वऱ्हाड हा कायद्याच्या भाषेत ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हता. म्हणून येथील मतदारांनी निवडून दिलेले सभासद कागदोपत्री सरकारनियुक्त म्हणून कौन्सिलात बसत. मत अमरावती-अकोल्याच्या माणसाने द्यावे आणि सभासदत्व सरकारच्या हुकमाने मिळावे, अशी ही व्यवस्था होती. १९५० च्या राज्यघटनेने हे दुहेरी जोखड कायमचे उतरवले.

या मुलखाने स्थानिक स्वराज्याचे सामर्थ्यही पाहिले आहे. १९२८ मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्याचा आणि प्राथमिक शिक्षण वाढवण्याचा आग्रह धरला. परक्या राज्यात, तुटपुंज्या अधिकारांतही, लोकांना जबाबदार असलेली संस्था काय करू शकते याचा तो वस्तुपाठ होता. महाराष्ट्रात जिल्हा परिषदांची उभारणी ज्या समितीच्या अहवालावर झाली तिचे अध्यक्ष वसंतराव नाईक हेही वऱ्हाडातल्या पुसदचेच. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या, तेव्हा सत्ता मुंबईहून गावाकडे निघाली असे मानले गेले.

ती वाटेत कोठे अडली? अमरावती आणि अकोला या दोन्ही महानगरपालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. नव्या सभागृहासाठी मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. अमरावती जिल्हा परिषदेची मुदतही २०२२ च्या मार्चमध्येच संपली आणि तेथेही प्रशासक आला. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्यावी आणि संस्था विसर्जित झाली तर सहा महिन्यांच्या आत घ्यावी, असे घटनेच्या ७३ व्या आणि ७४ व्या दुरुस्तीने स्पष्ट सांगितले आहे. रोमचा सर्वाधिकारी आणि येथील प्रशासक यांच्या अधिकारांची तुलना होऊ शकत नाही. पण सहा महिन्यांची मर्यादा दोघांनाही एकाच शहाणपणाने घातलेली आहे, आणि ती दोन्हीकडे मोडली गेली.

यामागे न्यायालयीन कारण होते हे नाकारता येणार नाही. वाशीम, अकोला इत्यादी जिल्हा परिषदांतील इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२१ रोजी निर्णय दिला आणि सांख्यिकी माहितीची अट घातली. परंतु मागास जातींची माहिती वेळेवर गोळा न करणे हा न्यायालयाचा नव्हे, राज्यकर्त्यांचा दोष होता. प्रभागांची रचना आणि सदस्यांची संख्या बदलण्याचा खेळ तर एका सरकारने मांडला आणि दुसऱ्याने पुढे चालवला. आरक्षण हा बहुजनांचा न्याय्य हक्क आहे. त्याचे निमित्त करून साऱ्यांचाच मताचा हक्क चार वर्षे गोठवणे, ही त्या हक्काची विटंबना होय.

‘प्रशासकाच्या काळात कामे भराभर झाली, नगरसेवकांची टक्केवारी वाचली,’ असे सुशिक्षित मध्यमवर्गात बोलले जाते. नगरसेवकांचे वर्तन निर्दोष होते असे कोणी म्हणणार नाही. पण महासभेचा, स्थायी समितीचा आणि आयुक्ताचा अधिकार एकाच हाती आला, म्हणजे प्रस्ताव मांडणारा, मंजूर करणारा आणि अंमलात आणणारा एकच झाला. त्यात भ्रष्टाचार थांबतो असे नाही. तो दिसेनासा होतो. अकोल्याला महानच्या धरणातून आणि अमरावतीला ऊर्ध्व वर्ध्यातून येणारे पाणी कोणत्या वस्तीला किती दिवसांनी मिळते, मेळघाटातील आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे की नाही, हे प्रश्न भर सभागृहात विचारण्याची जागाच या काळात उरली नव्हती. श्रीमंताला साहेबाच्या दालनाचे दार उघडे असते. झोपडपट्टीतल्या बाईला तिच्या वॉर्डाचा सभासद हेच एक दार होते.

निवडणूक झाली म्हणून हा प्रश्न मिटला असे समजणे आत्मघातकी ठरेल. चार वर्षे मत नव्हते आणि त्याबद्दल कोठे मोठा संताप उसळला नाही, हीच खरी चिंतेची बाब आहे. टायबेरियसच्या काळातील रोमन नागरिकही असाच स्वस्थ होता. म्हणून कार्यकर्त्यांपुढे आता दोन कामे आहेत. प्रशासकाच्या काळात संमत झालेल्या ठरावांचा, निविदांचा आणि करवाढीचा वॉर्डनिहाय हिशेब मागून तो सभांतून लोकांपुढे मांडणे, हे पहिले. कायद्यात असलेल्या पण कागदावरच राहिलेल्या क्षेत्रसभा आणि खेड्यांतील ग्रामसभा प्रत्यक्ष भरवणे, हे दुसरे. ज्या संस्थेतून पाणी, शाळा आणि दवाखाना मिळतो, तिच्यावर कोणी कुलूप घातले तर लोक स्वस्थ बसत नाहीत. नुसत्या कलमांनी आजवर कोणतेही प्रजासत्ताक टिकलेले नाही. ते टिकते ते आपली गोष्ट हिरावली जात आहे हे ओळखणाऱ्या, आणि ती जाऊ न देणाऱ्या माणसांच्या बळावर.